वर्षभराचा वाचनाचा तक्ता हाती घेतलास, त्याबद्दल दोन शब्द

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेतून परतताना तू म्हणालास, यंदा अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणार. चांगलं आहे. पण हिशेब बघ: ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक आणि पुढचं अर्धं निर्गम झरझर जातं. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि त्यापुढच्या लेवीय पुस्तकात यज्ञांचे नियम. माझी गाडी तिथेच अडायची, सलग तीन वर्षं! खूण म्हणून ठेवलेली नाताळची पत्रिका वर्षभर त्याच पानात.

मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या कथेपासून, सुरू कर. सोळाच अध्याय, रोज एक वाचलास तर १६ जानेवारीला संपेल. जोडीला स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र. सकाळी, चहाआधी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. (हे मलाही अजून रोज जमत नाही.)

दिवस चुकला तर मागचे अध्याय भरून काढत बसू नकोस, त्या दिवसाचंच वाच. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि ते पुस्तक जळालेल्या यरुशलेमेवर रडणाऱ्याचं आहे.

आणि ज्या भावाशी बोलणं टाकलंयस, त्याला फोन कर. तक्ता दोन दिवस थांबला तरी चालेल.