घरी बिअर आंबवताना एअरलॉकमधून, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, फेस येतोय?

घाबरू नका, बिअर बिघडलेली नाही. यीस्ट जरा जास्तच जोमात आहे. फक्त झाकण दाबून फेस अडवू नका. हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) चोथ्याने एअरलॉक तुंबला की आत दाब वाढतो, झाकण उडतं. काचेचं भांडं तर फुटूही शकतं. एअरलॉक काढून जाड नळी बसवा, तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या बादलीत बुडवा. मग तापमान बघा. आंबताना आतलं मिश्रण खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असतं, हे बरेच जण विसरतात. एल या बिअरच्या प्रकारासाठीच्या बहुतेक यीस्टना १८ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. भांडं गार पाण्याच्या टबात ठेवा. एकदम बर्फात नको, यीस्ट झोपी जाईल. पुढच्या वेळी पाव भांडं रिकामं सोडा.