गूगल क्लासरूम सुरू करताय? आधी हे बघा, मॅडम

क्लासरूमवर तुमचा ऑनलाइन वर्ग तयार झाला की सेटिंग्जमध्ये जाऊन स्ट्रीमवर (वर्गाच्या सूचना-संदेशांच्या पानावर) फक्त शिक्षकच लिहू शकतील असं करा. नाहीतर 'गुड मॉर्निंग'च्या ढिगात गृहपाठ सापडत नाही. विषयाचे घटक पाडून ठेवा, 'घटक ३ : अपूर्णांक' असे.

सगळ्यात जास्त घोळ कार्यपत्रिकेत होतो. गूगल डॉक जोडलं की मूळ पर्याय 'फक्त पाहता येईल' हा असतो, मग मुलांना उत्तरं लिहिताच येत नाहीत. 'प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रत' हा पर्याय असाइन करण्याआधीच निवडा. नंतर तो बदलत नाही, असाइनमेंट पुन्हा करावी लागते. (सर्वांना संपादनाची मुभा तर देऊच नका, एकाचं उत्तर दुसरा पुसतो.)

गुण भरले म्हणजे मुलांना दिसले असं नाही. 'रिटर्न' दाबेपर्यंत ते तुमच्यापुरतेच असतात.

मुदतीचं बघा. आपल्या सोलापुरात यंत्रमागावर जाणाऱ्या पालकांच्या घरी बहुधा एकच फोन, तोही कामावरून परत आल्यावर मुलांच्या हाती पडतो. संध्याकाळी पाचची वेळ ठेवली तर निम्मा वर्ग 'उशिरा' दिसेल. नुसती तारीख दिली, वेळ टाकलीच नाही, तर रात्री ११:५९ आपोआप लागते, तीच राहू द्या. आणि व्हिडिओ लहान ठेवा, डेटा पालकांचा जातो.