स्कायडायव्हिंगमध्ये पाय मोडल्यावर पुन्हा उडी मारावी का?

तुम्ही लिहिलंय की उतरताना घोटा मोडला, प्लेट बसली, आता अकरा महिने झालेत. डॉक्टर हो म्हणतात, घरचे नको म्हणतात आणि आपण शहाणपणाने थांबलोय की भीतीने, हे तुमचं तुम्हालाच कळेनासं झालंय.

मी परत गेलो, चौदा महिन्यांनी. पण ‘जा बिनधास्त’ एवढंच ऐकायचं असेल तर माझा उपयोग नाही.

मी मूळचा साताऱ्याचा, राहतो कॅलिफोर्नियात. तेव्हा १४० च्या आसपास उड्या झाल्या होत्या. बी लायसन्स होतं, म्हणजे ए नंतरची दुसरी पायरी, जे इथे ५० उड्यांनंतर मिळतं. त्या दिवशी साधारण शंभर फुटांवर लक्षात आलं की वारा फिरलाय आणि मी वाऱ्याच्याच दिशेने उतरतोय. खालचं गवत भराभर मागे पळत होतं. घाबरून डावा टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायच्या दोरीची मूठ, खाली ओढला, वाऱ्याकडे तोंड करून वेग कमी करायला. आता, पॅराशूट एका बाजूला जोरात वळवलं की ते सूर मारतं. उंचावर याची मजा वाटते, पण शंभर फुटांवर ते सरळ व्हायला जागाच नसते. वळण पुरं व्हायच्या आत जमीन आली. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडतात ना, तसा आवाज आला. डाव्या मांडीचं हाड गेलं होतं. आमच्या मंडळींत ‘फीमर’, म्हणजे याच हाडाचं इंग्रजी नाव, चक्क क्रियापद म्हणून वापरतात, यावरून काय ते समजा.

पॅराशूट मात्र शेवटपर्यंत धडधाकट होतं. बाहेरच्यांना वाटतं, अपघात म्हणजे ते उघडलं नसणार. प्रत्यक्षात व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखालीही माणसं मरतात, मोडतात, आणि बहुतेक वेळा शेवटच्या काहीशे फुटांत.

म्हणून हाड जुळलं का, हा मला त्यातला सोपा प्रश्न वाटतो. ते एक्स-रेत दिसतं. तुम्ही शेवटच्या दहा सेकंदांत हातांनी नेमकं काय केलंत, हे एका वाक्यात सांगता येतंय का? ‘वारा वाईट होता’ हे उत्तर नव्हे. मी चार महिने तेच सांगत फिरलो. मग एका मित्राने खालून काढलेला व्हिडिओ पाहिला. सरळ राहिलो असतो, दोन्ही टॉगल एकदम ओढून वेग मारला असता आणि पाय जुळवून लोळलो असतो, तर गुडघे सोलले असते, जंपसूट फाटला असता आणि संध्याकाळी बिअर पाजावी लागली असती. वाऱ्याने मला मोडलं नाही, माझ्या डाव्या हाताने मोडलं. हे मान्य केल्यावरच परत जायचा विचार करण्यात अर्थ होता, कारण वारा सुधारता येत नाही, हात सुधारता येतो.

डॉक्टरांना ‘उडी मारू का?’ असं विचारू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर विमानाचं दार येतं. त्यांना उतरतानाचे चारपाच व्हिडिओ दाखवा, चांगले आणि फसलेले दोन्ही, आणि विचारा की हा असा दणका या घोट्याला झेपेल का. माझ्या सर्जनबाईंनी फसलेला दोनदा पाहिला आणि आणखी तीन महिने थांबवलं.

आता वजन. मी पडल्यावर आई सहा महिने येऊन राहिली आणि हाड लवकर भरावं म्हणून तिने डिंकाच्या लाडवांचा सपाटा लावला. हाड भरलं, आणि मीही भरलो, पाच किलोंनी. म्हणजे ११ पौंड. हे हसण्यावारी नेऊ नका, कारण आमचं सगळं गणित वजनावर चालतं. सामानासकट तुमचं वजन पौंडांत, भागिले पॅराशूटचे चौरस फूट. हा आकडा जितका मोठा, तितकं जोरात उतरता. अपघाताच्या दिवशी माझं १९० भागिले १५० होतं, म्हणजे १.२७. नवख्याने एकाच्या आसपास राहावं, हे मला तीन जणांनी सांगितलं होतं. लाडवांनंतर मी २०१ झालो. त्याच १५० खाली गेलो असतो तर १.३४, आणि तेही चौदा महिने गंजलेल्या हातांनी. मी २१० चौरस फुटांचं भाड्याने घेतलं. त्याला लोक ‘बस’ म्हणून चिडवतात. चिडवू द्या.

सामानाची बॅग मी एकट्याने उघडली, तेवढं मात्र करू नका, कुणाला तरी सोबत बसवा. डाव्या पायाच्या पट्ट्यावर वाळलेला चिखल तसाच होता आणि त्यात गवताची एक काडी. रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव पॅराशूटच्या, कार्डावर ते पॅक करणाऱ्या रिगरची सही आणि तारीख होती. इथे १८० दिवसांनी ते पुन्हा पॅक करून घ्यावं लागतं, माझे चारशेच्या वर गेले होते. सगळं रिगरकडे देऊन आलो. माणसाचीही तारीख उलटते. ए लायसन्सवाल्याने ६० दिवस, बीवाल्याने ९० दिवस उडी मारली नसेल, तर पहिली उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारावी, असं अमेरिकी स्कायडायव्हिंग संघटना सांगते. मी तर लाज सोडून जमिनीवरचा वर्गही पुन्हा केला. शिवाय पंधरा दिवस घरामागे दोन फुटी ओट्यावरून लोळायचा सराव केला: चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची कड, याच क्रमाने. शेजाऱ्यांचा कुत्रा रोज बघायला यायचा.

पहिली उडी सकाळची, वारा जवळजवळ नाही, ५००० फुटांवरून, बाहेर पडलं की लगेच पॅराशूट. दारात भीती वाटेल म्हणून मनाची तयारी केली होती आणि तिथे काहीच झालं नाही. वर सहा वेळा टॉगल ओढून अंदाज घेतला. ३०० फुटांवर शेवटचं वळण घेतलं आणि मग हात थरथरायला लागले. तुमचंही तिथेच होईल, तेव्हा तयारी तिथली करा. कानातल्या रेडिओवर इन्स्ट्रक्टर एकच शब्द म्हणत होती, ‘सरळ, सरळ’. उभ्याने उतरायचंच नाही हे आधीच ठरलं होतं. पाय जुळवले, लोळलो आणि गवतात बराच वेळ पडून राहिलो, एवढा की तिने धावत येऊन विचारलं.

घरच्यांचं माझ्याकडे औषध नाही. आमच्या बाबांना स्कायडायव्हिंग म्हणजे शीतल महाजन. २०१८ साली तिने थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, ते कात्रण त्यांनी जपून ठेवलंय. ‘ती नऊवारीत नीट उतरली, तुला पॅन्ट घालून जमलं नाही,’ एवढंच ते म्हणाले. आईला मी आधी सांगितलं, नंतर नाही. ती दोन दिवस बोलली नाही. पण लपवून गेलो असतो तर ३०० फुटांवर तीच डोळ्यांसमोर आली असती.

तुमचं सामानासकट वजन आणि पॅराशूटचा आकार खाली लिहा. आणि तो व्हिडिओ असेल तर तो पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नका.