मी पार्टटाइम नोकरी धरली तर मुलांचे पैसे बंद होतील का?

तू सांगलीहून विचारलं आहेस की नवऱ्याला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा परवाना) जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी लागलीय, दोन मुलं बरोबर येणार आहेत, आणि विश्रामबागेतल्या एका ओळखीच्यांनी सांगितलंय की बायकोने काम धरलं की जर्मन सरकार मुलांचे पैसे थांबवतं. ताई, खरं काय?

अगं, बिलकुल थांबवत नाही. किंडरगेल्ड, म्हणजे हेच मुलांचे पैसे, उत्पन्न बघून मिळत नाही. 2026 पासून एका मुलामागे महिन्याला 259 युरो, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांचे 518. तू बेकरीत काम कर नाहीतर बँकेत, आकडा तोच राहतो. फक्त अर्ज वेळेत करा, कारण मागचे पैसे जास्तीत जास्त सहा महिन्यांचेच देतात.

ही भीती कुठून आली तेही सांगते. बेकार किंवा अगदी तुटपुंज्या कमाईच्या घरांना इथे जी मूळ मदत मिळते, तिच्यात कमाईचा हिशोब खरंच चोख होतो. पहिले 100 युरो सोडतात, त्यापुढे 520 पर्यंतच्या कमाईतला फक्त पाचवा हिस्सा तुमच्याकडे राहतो, बाकी मदतीतून वजा होतो. पण तुमचा व्हिसाच मुळी स्वतःच्या पगारावर घर चालवण्याच्या अटीवर आहे. त्या मदतीचा विचार डोक्यातूनच काढून टाक. किंडरत्सूशलाग नावाची जादा रक्कमही कमी पगाराच्या पालकांसाठी आहे, तिच्यात मात्र तुझी कमाई धरली जाईल. ब्लू कार्डच्या पगारावर ती सहसा मिळतच नाही.

तुझ्या कामाचा खरा परिणाम होतो तो आरोग्य विम्यावर, आणि त्याबद्दल आधी कुणी बोलत नाही. नवरा सरकारी विमा संस्थेत असेल तर तू आणि मुलं त्याच्याच विम्यात फुकट बसता. तू मिनीजॉब केलास, म्हणजे महिन्याला 603 युरोपर्यंत, तरी हे तसंच चालू राहतं. किमान वेतन तासाला 13.90 आहे, तेव्हा हे आठवड्याला साधारण दहा तासांचं काम झालं. 603 च्या वर गेलीस की तुझा स्वतःचा विमा सुरू होतो. 2000 युरोपर्यंत तुझ्याकडून हप्ते कमी दराने घेतात, त्यामुळे एक युरो जास्त कमावला म्हणून घर खड्ड्यात जात नाही.

पण पगार मोठा आहे म्हणून नवऱ्याने खासगी विमा घेतला, तर तुझा आणि दोन्ही मुलांचा हप्ता वेगवेगळा भरावा लागेल. एकट्या माणसाला तो स्वस्त दिसतो, म्हणून एजंट गळ्यात मारतात. सही करण्याआधी चार माणसांचा हिशोब मांडा. कळकळीने सांगते.

माझी एक तासगावची मैत्रीण पहाटे बेकरीत उभी राहते. तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर कराची ओळ बघून ती पहिल्या महिन्यात रडवेली झाली होती. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते करवर्गावर ठरतं. नवऱ्याने करवर्ग तीन घेतलेला, म्हणून तिच्या वाट्याला पाच आला, आणि पाचात कापणी जबर असते. वर्षाअखेर दोघांचं विवरण एकत्र भरलं की घराचा एकूण कर तेवढाच येतो. पण पुढे मूल होणार असेल तर आधीच जागं राहायला हवं, कारण एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळ झाल्यावर पालकांना मिळणारा भत्ता, आईच्या आधीच्या निव्वळ पगारावरून ठरतं. महिन्याला किमान 300, कमाल 1800 युरो. बाळ लहान असताना आठवड्याला 32 तासांपर्यंत काम करता येतं, पण ती कमाई त्या रकमेच्या हिशोबात धरतात.

पाळणाघराची फी बऱ्याच शहरांत घरच्या उत्पन्नावर ठरते, तेव्हा तुझा पगार तिथे मोजला जाऊ शकतो. गावाच्या कचेरीत विचार.

माझं मत विचारशील तर भाषा येईपर्यंत मिनीजॉब ठीक. पण 603 च्या आत राहायचं म्हणून वर्षानुवर्षं तास वाढवायचे टाळत बसू नकोस. विमा भरून केलेल्या नोकरीतून तुझ्या नावावर पेन्शन साठते आणि नोकरी गेली तर बेकारी भत्त्याचा आधार राहतो. मिनीजॉबमध्ये तो नाही.

निघण्याआधी मुलांचे जन्मदाखले महानगरपालिकेतून इंग्रजी मजकुरासह नव्याने काढून घे, त्यावरची नावं पासपोर्टशी अक्षरन्‌ अक्षर जुळतात का बघ, आणि लग्नाचा दाखला बरोबर हातातल्या बॅगेत ठेव.