सीपॅप आणि फुफ्फुसाचा रक्तदाब: पहिले काही आठवडे

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते ४ ते २० सेंटिमीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेला) दाब देऊ शकतं, पण तुमचा आकडा डॉक्टरच ठरवतील. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये, म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असताना, तो स्वतःहून वाढवू नका. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि हृदयाच्या आधीच थकलेल्या उजव्या कप्प्याला ते झेपेलच असं नाही. मास्क लावल्यावर चक्कर आली, बीपी उतरलं, तर त्याच दिवशी कळवा.

पहाटे तीनला मास्क काढून ठेवायची सवय लागू देऊ नका. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि ऑक्सिजन सर्वांत जास्त तेव्हाच घसरतो. ऑक्सिजन घसरला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून दुपारच्या डुलकीलाही मास्क हवाच.

सिल्डेनाफिलने (फुफ्फुसाचा रक्तदाब कमी करणारं औषध) नाक चोंदू शकतं, मग तोंड उघडं पडतं आणि हवा गळते. सलाइनचा स्प्रे मारा, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा मशीनचा भाग) एका पायरीने वाढवा. स्यूडोएफेड्रिन (नाक मोकळं करणारं, पण रक्तवाहिन्या आवळणारं औषध) असलेली सर्दीची गोळी मात्र घेऊ नका. मास्कचे पट्टे आडवं झाल्यावर, मशीन चालू ठेवूनच बसवा; बसून आवळले तर कुशीवर वळताच गळती होते.

ऑक्सिजन जोडलेला असेल तर आधी मशीन सुरू, मग ऑक्सिजन. बंद करताना उलट: आधी ऑक्सिजन. नाहीतर तो बंद मशीनमध्ये साठतो आणि आगीचा धोका असतो. हवा गळली की ऑक्सिजनही वाया जातो. एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो, तो आकडा) ५ च्या खाली आला, तरी रात्रभराची ऑक्सिमेट्री (बोटाला लावून ऑक्सिजन मोजणं) मागून घ्या. श्वास अडत नसतानाही ऑक्सिजन कमी राहू शकतो.