पहिल्या शनिवारनंतरची हरणे

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी उघडतो, आणि तुम्ही ऑक्टोबरभर ज्या ओकच्या झाडाखाली पांढऱ्या शेपटीची हरणे दिवसाढवळ्या चरताना पाहिलीत, तिथे सोमवारी एकही दिसले नाही तर ती तालुका सोडून गेली असे समजू नका. ती बहुधा त्याच डोंगरात असतात. फक्त उघड्यावर येण्याची वेळ अंधारात ढकलतात आणि दिवस माउंटन लॉरेल या सदाहरित झुडपाच्या दाट जाळीत, तीव्र उतारावर किंवा शिकारबंदीची पाटी लावलेल्या खासगी जमिनीत काढतात. नियमानुसार बंदूक सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच चालवता येते, त्यामुळे उशिरा बाहेर पडणारे हरिण आपल्या हाती लागत नाही.

नवख्याची चूक बहुतेक वेळा नेमाची नसून वाटेची असते. रोज त्याच पायवाटेने त्याच मचाणावर गेलात, तर दोन-तीन दिवसांत तुमचा वास तिथे मुरतो आणि माद्या ती जागा वळसा घालून टाळू लागतात. डोके, छाती आणि पाठीवरचा सक्तीचा भडक नारिंगी रंग त्यांना आपल्यासारखा दिसत नाही. घात करतो तो वारा. वारा उलटा, म्हणजे तुमच्याकडून हरणांकडे वाहत असेल, त्या दिवशी ती जागा सोडाच.

माझे मत विचाराल तर दुपारी हलू नका. बाकीचे शिकारी जेवायला गाड्यांकडे परततात, तेव्हा त्यांच्या पावलांनी उठलेली हरणे जाळीच्या कडेकडेने, थांबत थांबत, मागे वळून बघत सरकतात.