टर्कीला धुरी द्यायची, पण काड्या कुठल्या?

प्रश्न : ताई, यंदा ख्रिसमसला घरी टर्की स्मोक करायचं ठरलंय, पहिल्यांदाच. पाच किलोची फ्रोझन टर्की सांगून ठेवलीये, झाकणवाली कोळशाची बार्बेक्यू पण आहे. मामांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, छाटणीच्या काड्या ढिगाने पडल्यात, त्याच जाळू का? आणि आतून शिजली हे कळायचं कसं?
– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : काड्या नकोच. द्राक्षाच्या काड्यांवर फ्रान्समध्ये मस्त मांस भाजतात, लाकूड वाईट नाहीये, पण आपल्याकडे पावसाळाभर बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) नि इतर बुरशीनाशकांच्या फवारण्या चालू असतात आणि ते सगळं त्याच सालीवर बसलेलं असतं, मामांना विचारा, ते पण नकोच म्हणतील. त्यापेक्षा आंब्याचं नाहीतर पेरूचं चांगलं वाळलेलं लाकूड घ्या, मुठीएवढे तीन-चार तुकडे बास होतात. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या अजिबात नाही. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे, पांढराफटक दाट धूर निघत असेल तर थांबा, तेव्हा टर्की ठेवली तर कडू लागणार.

21 तारखेलाच फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा, दोन-सव्वादोन किलोला एक दिवस धरायचा, ओट्यावर ठेवून वितळवू नका. पाकिटावर मीठपाणी टोचल्याचं लिहिलंय का बघा, असेल तर वेगळं मीठपाणी नको, नसेल तर लिटरला 60 ग्रॅम मीठ घालून रात्रभर फ्रिजमध्येच बुडवा आणि मग पुसून तिथेच उघडी सुकू द्या. स्टफिंग, म्हणजे पोटात सारण भरणं, विसरा. चिकनवाल्याकडून कणा काढून पुस्तकासारखी उघडी करून घेतली तर सगळीकडे सारखी शिजते, मी तरी आख्खी ठेवणार नाही.

कोळसे एका बाजूला, टर्की दुसऱ्या बाजूला, खाली पाण्याचं भांडं. बार्बेक्यूच्या आतलं तापमान 120 ते 135 डिग्री ठेवा. साधारण तीन-चार तास धरा, पण डिसेंबरात गच्चीवर वारं सुटलं की हा हिशोब कोलमडतो, आणि सारखं झाकण उघडून बघणारे काका तर प्रत्येक घरात असतातच. हे सगळं गच्चीवर नाहीतर अंगणातच हां, बंद गॅरेजमध्ये कोळसा पेटवणं जिवावर बेतू शकतं.

सुरी खुपसून काही कळणार नाही, कारण धुरामुळे पूर्ण शिजलेलं मांस पण कडेला गुलाबी राहतं आणि लोक घाबरून अजून तासभर ठेवून त्याचं चामडं करतात. उलट, बाहेरून छान तपकिरी दिसली म्हणजे आत शिजलीच असंही नाही. सुई खुपसायचा थर्मामीटर घ्या, छाती आणि मांडी दोन्हीकडे सगळ्यात जाड जागी, हाडाला न लावता, 74 डिग्री आलं की काढा. कातडी कुरकुरीत हवी असेल तर शेवटी थोडा वेळ कोळशाच्या जवळ सरकवा, मंद आचेवर ती रबरासारखीच राहते. मग अर्धा तास नुसती ठेवा, लगेच कापलीत तर रस सगळा ताटात.